वीस वर्षं टिकणारा प्रश्न

2003 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे तेव्हाचे संचालक अँड्र्यू फॉन एशेनबाख यांनी एक उद्दिष्ट जाहीर केलं. कॅन्सरमुळे होणारे हाल आणि मृत्यू 2015 पर्यंत संपवायचे. ते स्वतः कॅन्सरचे सर्जन, स्वतः कॅन्सरमधून उठलेले. तळमळीबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

2015 आलं आणि गेलं.

तरीही मोठ्या संस्थांना तारखांचा मोह सुटत नाही. पाच वर्षांचा आराखडा, दहा वर्षांचं ध्येय, प्रकाशनाला मंत्री, आर्ट पेपरवर छपाई. आराखडा हवाच, त्यावर वाद नाही. पण कॅन्सर संशोधन केंद्राच्या आराखड्यात नेमकं काय असावं? इमारती? मशीन? की प्रश्न?

ह्यूस्टनचं एम. डी. अँडरसन बघा. जगातल्या सर्वांत मोठ्या कॅन्सर केंद्रांपैकी एक. 2011 मध्ये रोनाल्ड डीपिन्हो प्रमुख झाले. नाणावलेले शास्त्रज्ञ. 2012 मध्ये त्यांनी ‘मून शॉट्स’ मोहीम जाहीर केली. चंद्रावर माणूस उतरवला, तसा कॅन्सर हरवायचा. त्याच सुमारास आयबीएमच्या वॉटसन संगणकाला उपचारांचा सल्ला देणारा जाणकार बनवायचंही ठरलं.

त्यावर 6 कोटी 20 लाख डॉलर गेले. मधल्या काळात केंद्रानं रुग्णांच्या नोंदींची संगणक प्रणाली बदलली आणि वॉटसन राहिला जुन्या प्रणालीपाशी. 2017 मध्ये विद्यापीठाच्या लेखापरीक्षकांचा अहवाल बाहेर आला, तोवर हे काम गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हजाराच्या आसपास कर्मचाऱ्यांची कपात झाली आणि मार्चमध्ये प्रमुखांनी राजीनामा दिला.

आणि नोबेल? तेही त्याच केंद्रात आलं, 2018 साली. जेम्स अॅलिसन यांना. त्यांना 2012 मध्ये तिथे परत बोलावण्यात आलं, याचं श्रेय केंद्राला द्यायलाच हवं. पण ज्या कामाबद्दल नोबेल मिळालं ते नव्वदच्या दशकातलं, बर्कलेच्या प्रयोगशाळेतलं. शरीराच्या संरक्षक पेशींना लागलेला ब्रेक काढला तर त्या कॅन्सरवर तुटून पडतील का, एवढाच त्यांचा प्रश्न. तो पटवायला त्यांना कंपन्यांचे उंबरे झिजवावे लागले.

चंद्र नाही, तारीख नाही. एक प्रश्न आणि तो न सोडणारा माणूस.

आता परळला या. गावात कुणाच्या गळ्याला, स्तनाला गाठ लागली की शेजारचा पहिल्यांदा काय विचारतो? ‘टाटाला दाखवलं का?’ एवढा विश्वास या राज्यात दुसऱ्या कोणत्या सरकारी संस्थेनं कमावला आहे? नाव टाटांचं असलं तरी संस्था सरकारी आहे, हेही अनेकांना माहीत नसतं.

मेहरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या पतीच्या, सर दोराबजींच्या, नावाच्या ट्रस्टनं परळचं हॉस्पिटल उभं केलं. 28 फेब्रुवारी 1941 ला ते सुरू झालं. 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि 1962 मध्ये थेट अणुऊर्जा खात्याकडे.

हॉस्पिटल आणि अणुऊर्जेकडे? होय. अणुऊर्जा खातं होमी भाभांचं आणि मेहरबाई त्यांच्या आत्या. पण हे नात्याचं कौतुक नव्हे. किरणोपचाराला भौतिकशास्त्र लागतं, संशोधनाला मोकळीक लागते आणि दोन्ही त्या खात्यात होती. परळला जे जमलं ते अनेक सरकारी इस्पितळांना का जमलं नाही, याचं निम्मं उत्तर या एका फाईलबदलात आहे असं मला वाटतं.

उरलेलं निम्मं माणसांमध्ये आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर. पॅथॉलॉजिस्ट. 1945 मध्ये त्यांनी चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरांवर निबंध लिहिला. जळकं टोक तोंडात धरून चिरूट ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. तंबाखूची खैनी ओठामागे धरणाऱ्यांना होणारा. आणि वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळून बांधल्यानं कमरेपाशी कातडीला होणारा.

धोतराचा कॅन्सर! लंडनच्या कोणत्या प्रयोगशाळेला हा सुचला असता?

संस्थेचं धोरण असं ठरतं. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघून. खानोलकरांच्याच पुढाकारानं 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं आणि 1966 मध्ये हॉस्पिटल व संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. रुग्ण आणि प्रयोगशाळा एका छपराखाली. 2002 मध्ये प्रयोगशाळा खारघरला गेली. जागा मिळाली, हवा मिळाली, उपकरणं मिळाली. पण परळचा सर्जन आणि खारघरचा शास्त्रज्ञ यांच्यात आता अख्खी मुंबई आणि वर खाडी. दोघांनी एकाच रुग्णाबद्दल बोलावं, यासाठी आराखड्यात तास राखून ठेवावे लागतात. ठेवले नाहीत तर ते बोलत नाहीत, इतकं ते साधं आहे.

आता कामाकडे. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची अवस्था. जिभेवरची गाठ काढली. मानेतल्या गाठी त्याच वेळी काढायच्या, की पुढे फुगल्या तर बघू म्हणायचं? जगभरचे सर्जन यावर अनेक दशकं भांडत होते. अमेरिका-युरोपात तोंडाचे रुग्ण तुलनेनं कमी, त्यामुळे निकाल लागत नव्हता. आपल्याकडे गुटखा, मावा आणि मिश्रीनं रुग्णांची कमी कधी पडू दिली नाही. परळच्या सर्जनांनी रुग्णांचे दोन गट केले आणि वाट बघितली. 2015 मध्ये निकाल आला. मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांत 3 वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत होते, वाट बघितलेल्यांत 67.5 टक्के.

नवं औषध नाही, नवं मशीन नाही. शंभरातले बारा-तेरा जण जास्त जगले.

पुढचं उदाहरण ऐका. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन. चाकू लावण्याआधी गाठीभोवती लिग्नोकेनची इंजेक्शनं द्यायची. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात ते. 1600 बायकांवर, देशातल्या अनेक केंद्रांत ही चाचणी चालली. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले. 5 वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका 82.6 टक्क्यांवरून 86.6 टक्के झाल्या. चाचणीचे मुख्य संशोधक होते डॉ. राजेंद्र बडवे. संस्थेचे तेव्हाचे संचालक.

संचालकानं स्वतः असा प्रश्न हाती घ्यावा, ज्यात कुणालाच पेटंट मिळणार नाही! नेतृत्वाची यापेक्षा वेगळी परीक्षा मला माहीत नाही.

तिसरं उदाहरण. निवोलुमॅब. वर सांगितलेल्या अॅलिसन यांच्या शोधाच्या वाटेनं आलेल्या औषधांपैकी एक. रूढ डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. किंमत ऐकून बाप्या माणूस मटकन खाली बसतो. परळच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढं कशाला? डोके-मानेच्या पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरसाठी त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर सुमारे 16 टक्के जिवंत होते, औषधाची जोड मिळालेल्यांत 43 टक्के.

अठरावा हिस्सा औषध पुरतं का, हे औषध विकणारी कंपनी कधी तपासेल? कशाला तपासेल?

म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या केंद्राचा आराखडा इथून सुरू व्हायला हवा. जे प्रश्न बाजार विचारणार नाही, ते आपल्या वाट्याचे. कमी डोस पुरेल का? कमी शेक पुरेल का? स्वस्त औषध महागड्याची जागा घेईल का? बाकीचं करायला जग बसलं आहे.

पण असे प्रश्न एका संचालकाच्या मुदतीत सुटत नाहीत. खरी गोम इथे आहे.

1998. मुंबईच्या झोपडवस्त्या. गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा कॅन्सर, दोन्हींच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. सुमारे दीड लाख बायका. तपासणार कोण? डॉक्टर नव्हे. वस्तीच्या आसपासच्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. घरोघर जाऊन बोलावणं करायचं. सासूला समजवायचं, नवऱ्याला समजवायचं. मग वस्तीत उभारलेल्या तात्पुरत्या दवाखान्यात पडद्याआड पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे घरचं व्हिनेगरच, बोळ्यानं लावायचं. मिनिटभर थांबायचं. दिव्याच्या उजेडात बघायचं, पांढरा चट्टा उठतो का. उठला तर टाटाला पाठवायचं. नाही उठला तर दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात जाऊन उभं राहायचं. पुन्हा सासू, पुन्हा नवरा. अशा चार फेऱ्या.

हे काम वर्षानुवर्षं चालवायचं म्हणजे काय, याचा अंदाज कोणत्याही सादरीकरणातून येणार नाही. बायका घर बदलतात, गावी जातात, वस्तीच पाडली जाते. तरी वही चालू राहिली.

2013 मध्ये पहिला निकाल आला. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. स्तनाच्या तपासणीचा निकाल यायला 2021 उजाडलं. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत मात्र फायदा दिसला नाही. चाचणी सुरू झाली तेव्हा संचालक होत्या डॉ. केतायून दिनशॉ. स्तनाचा निकाल छापून आला तेव्हा होते डॉ. बडवे.

नवा साहेब आला की जुन्याच्या योजना कपाटात, ही आपल्या सरकारी जगाची रीत. परळला ती मोडली गेली. आलेल्या माणसानं आधीच्याचा रखडत चाललेला प्रश्न बंद केला नाही. संचालकांच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना त्यांनी काय सुरू केलं याची यादी छापतात. काय चालू ठेवलं, याची कोण छापतं?

त्या चाचण्यांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही? त्या काळी देशात कुठे नियमित तपासणी होतच नव्हती, असं उत्तर दिलं गेलं. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या बायकांनी तुलनेसाठी आपलं नाव दिलं, त्यांचं देणं संस्थेवर आणि सरकारवर आहे. पुढच्या आराखड्यात त्याला जागा हवी, आणि ती तळटीपेत नको.

आकडे नसतील तर आराखडा कशाचा करणार? भारतात 2022 मध्ये सुमारे 14 लाख नवे कॅन्सररुग्ण आणि 9 लाखांवर मृत्यू, हा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज. अंदाजच, कारण देशाच्या मोठ्या भागात मोजणीच होत नाही. मुंबईची नोंदणी डॉ. जस्सावाला यांनी 1963 मध्ये सुरू केली, तेव्हा देशात तसं काही नव्हतं. आणि ग्रामीण भागाची पहिली वही कुठे उघडली? बार्शीला. 1987 मध्ये. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके.

खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, मग नोंद कशी होणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पारावर बसले, बायकांशी बोलले, अंगावरून जाणाऱ्या रक्ताबद्दल विचारलं. काही वर्षांनी आकड्यांत एक गोष्ट दिसली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आता आधीच्या अवस्थेत यायला लागले होते. कुणी तपासणी शिबिर घेतलं नव्हतं, यंत्र आणलं नव्हतं. मोजायला आलेल्या माणसांनी नीट विचारपूस केली, एवढंच.

ज्यांना मोजणी म्हणजे कारकुनी वाटते, त्यांनी बार्शीला एक चक्कर मारावी.

आता परळच्या फुटपाथकडे. तिथे राहणारी कुटुंबं कुणी पाहिली नाहीत? दुकानाच्या शटरला टेकून बसलेली बाई, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि स्कॅनची पाकिटं, बाजूला स्टोव्ह, नाकात नळी घातलेला नवरा. गाडगे महाराज धर्मशाळा, नाना पालकर स्मृती समिती आणि अशा अनेकांनी आधार दिला नसता तर हा फुटपाथ दादरपर्यंत पोहोचला असता. पण ही माणसं इथे का आहेत? बीडला, गडचिरोलीला, बेतियाला केमो मिळत नाही म्हणून? की मिळते, पण तिच्यावर विश्वास नाही म्हणून?

दोन्ही. आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

परळला आणखी मजले चढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे परळच्याच नेतृत्वाला आधी कळलं. 2012 मध्ये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड सुरू झालं. आज देशभरची 300 हून अधिक केंद्रं त्यात आहेत. कल्पना सरळ आहे. कोणत्या आजाराला कोणते उपचार, याचे नियम सगळ्यांचे एकच. शंका आली तर स्लाईड, स्कॅन मोठ्या केंद्राकडे जावं, रुग्णानं नव्हे. आणि औषधखरेदी एकत्र. 23 केंद्रांनी मिळून 40 औषधांची घासाघीस केली आणि सुमारे 1,320 कोटी रुपये वाचवले. 82 टक्के बचत.

82 टक्के! म्हणजे आधी आपण शंभराला काय विकत घेत होतो? आणि अजून जे एकटे घेतात, ते काय देतात?

हा आकडा प्रत्येक राज्याच्या आरोग्य सचिवाच्या टेबलावर काचेखाली असायला हवा.

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. स्वागत. खाटा येतील, खुर्च्या येतील, फीत कापली जाईल. केमो मिसळणारा फार्मासिस्ट कोण? शिरेबाहेर औषध गेलं तर काय करायचं, हे शिकलेली नर्स कोण? बायोप्सीचा रिपोर्ट कितव्या दिवशी? ताप आला तर रात्री दोनला फोन कुणाला करायचा? या चार प्रश्नांची उत्तरं नसलेल्या केंद्रातून रुग्ण आठवड्यात पुन्हा मुंबईच्या गाडीत बसेल, आणि त्याचं काहीही चुकलेलं नसेल.

परळसारख्या संस्थेनं आता आपलं यश याच मोजपट्टीनं मोजावं. किती रुग्ण आले हे पुरे झालं. धुळ्याच्या किती जणांना यावंच लागलं नाही, हे सांगा. अशा केंद्रांची माणसं घडवणं हे विद्यापीठाच्या दर्जाच्या संस्थेचं संशोधनाइतकंच मोठं काम आहे. तरुण डॉक्टर शिकतात परळला आणि जातात कॉर्पोरेटला, हे रोखायचं तर जिल्ह्यात काम करणाऱ्याला संशोधनात नाव, वेळ आणि पगार द्यावा लागेल. नुसतं व्रत म्हणून कुणी परभणीला दहा वर्षं काढत नाही. का काढावीत?

आणि शेवटी धाराशिव.

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथल्या 1,31,746 बायकांवर चाचणी केली. वय 30 ते 59. चार गट. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशी तपासणारी पॅप, व्हिनेगर आणि तुलनेचा गट. 2009 मध्ये निकाल आला. आयुष्यात फक्त एकदा झालेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या पॅप आणि व्हिनेगरच्या तपासणीनं तसा ठोस फरक पडला नाही.

जगानं ते वाचलं. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते, आणि त्यामागच्या पुराव्यात या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे.

आपण? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आयुष्यात कधीही झालेल्या किती निघाल्या? 1.9 टक्के.

तेव्हा ज्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या लेकी-सुना आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांची एचपीव्ही तपासणी धाराशिवच्या कोणत्या आरोग्य केंद्रात, कोणत्या वारी, कोणती नर्स करते? नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जातो, आणि दोष निघाला तर बार्शीपर्यंतच्या एसटीचं भाडं कोण देतं? पुढचा पंचवार्षिक आराखडा जेव्हा छापाल, तेव्हा हे लिहा. पहिल्या पानावर, वारासकट.